चारपेक्षा लहान नऊ

"माझ्या वडिलांनी माझ्या सासऱ्यांना मरू दिलं का, एवढंच मला सांगा," असं दारातच म्हणून ती मुलगी आत आली आणि मग बसायला खुर्ची शोधू लागली.

खुर्चीवर भाऊजी होते. ते घाईने उठले आणि उठता उठता हातातला चहाचा कप, टेबल जिथे असेल असं त्यांना वाटलं तिथे ठेवला. टेबल तिथे नव्हतं.

"फडकं मोरीत आहे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. नजर मुलीवरून हलवली नाही.

वहिनी म्हणजे त्या शहरातल्या एकमेव खाजगी गुप्तहेर. चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचं ऑफिस. बाहेरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव आहे, पण मदतनीस म्हणून ठेवलेला धाकटा दीर दिवसभर "वहिनी, वहिनी" करत मागे फिरतो, त्यामुळे पोलीस, वकील आणि चोर असे सगळेच त्यांना वहिनी म्हणायला लागले. एका पाकीटमाराने तर भर कोर्टात, "वहिनी सांगतात ते बरोबर आहे," असं म्हणून स्वतःला शिक्षा करून घेतली होती.

भाऊजींचा गुण एकच. सांगितलेलं काम ते करत. दोष असा, की त्यांचा संशय कायम शेवटी भेटलेल्या माणसावर बसायचा.

मुलीने जे सांगितलं ते थोडक्यात असं. तिचे वडील अँब्युलन्स चालवतात. सगळे त्यांना तात्या म्हणतात. तिचे सासरे शिंपी. चौकात दुकान, मागे घर. तात्यांच्या गाडीचा थांबा त्या दुकानापासून दोन वळणांवर. गेल्या आठवड्यात भर दुपारी सासरे शिवता शिवता मशीनवर आडवे झाले. सासूबाईंनी फोन केला. गाडी आली, पण ती पुलापलीकडून. यायला उशीर झाला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर हाताशी काही होतं.

"आणि तात्यांची गाडी?" वहिनींनी विचारलं.

"थांब्यावरच. यांनी बघितली." यांनी म्हणजे तिच्या नवऱ्याने. "सासऱ्यांना घेऊन जाताना. बाबा आत बसलेले, गाडी सुरू, आणि जागच्या जागी उभी."

व्याह्याव्याह्यांचं आधीच फाटलेलं होतं. ते कसं, हे ती खाली मान घालून बोलली. लग्नात तात्यांचा सूट व्याह्यांनीच शिवला होता, हौसेने, स्वतःच्या हाताने. ऐन फोटोच्या वेळी तात्या खाली वाकले आणि पँट मागून टरकन फाटली. तात्या म्हणाले, शिवणाऱ्याने कंजूषपणा केला. व्याही म्हणाले, माप दिल्यानंतर माणसाने जेवण आवरायचं असतं. त्यावरून दोन सज्जन माणसांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं. तेव्हा सगळे हसले होते. आता सगळी गल्ली म्हणत होती, की पँटच्या शिवणीवरून तात्यांनी माणूस मारला.

नवरा तिला काही बोलला नव्हता. नुसता गप्प झाला होता. त्या गप्प घरात राहवेना म्हणून ती वडिलांकडे आली, तर तिथे वडील गप्प. उद्या ऑफिसात चौकशीचा निकाल होता. तात्यांची नोकरी जाणार आणि प्रकरण पोलिसांकडे जाणार, असं सगळे धरून चालले होते.

"तुम्ही त्यांना सरळ विचारलं नाहीत?"

"विचारायला जीभ रेटत नाही. ते हो म्हणाले तर?"

वहिनींनी तिच्या वडिलांचा त्या दिवशीचा काही निरोप आहे का म्हणून विचारलं. तिने फोन पुढे केला. दुपारी, घटनेच्या जरा आधी, तात्यांनी लिहिलं होतं: "आज ६ ला सुटेन. तुझ्याकडे येऊ शकत नाही, पण तू ये."

"छान लिहितात," वहिनी म्हणाल्या.

"मीच शिकवलं. नवा फोन दिला तेव्हा इंग्रजी अक्षरं बघून तो पालथा घालून ठेवायचे. मग मी सगळं मराठीत करून दिलं. तेव्हापासून माझ्या मेसेजमधले ऱ्हस्व-दीर्घ काढतात." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही.

तात्या भेटले ते अँब्युलन्सच्या आवारात, झाडाखालच्या बाकावर. कामावरून बाजूला केलेलं असूनही इस्त्रीचा गणवेश घालून रोज वेळेवर येऊन बसत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. आजारी माणसाच्या खोलीबाहेर बसतात तसे बसले होते.

ते फार बोलले नाहीत. फोनवर हाक आली. चौकाचं नाव बघितलं. किती मिनिटांत पोचाल, या रकान्यात लगेच चार भरलं. किल्ली फिरवून बसले. पानावर हिरवं आलं की निघायचं, ते हिरवं आलं नाही.

"लगेच भरलंत?"

"श्वास घेतला आणि भरलं."

"मग हिरवं का नाही आलं?"

"ते मला कुणी सांगत नाही. मलाच सगळे विचारतात."

वहिनींनी विचारलं, याआधी कधी असं झालं होतं का. तात्यांनी जे सांगितलं त्याने भाऊजींचं तोंड उघडं राहिलं. गाड्यांना हाका वाटून देणारं हे वेबपान नवीन सुरू झालं तेव्हा पहिले काही महिने प्रत्येक हाकेला तात्यांनाच हिरवं यायचं. शहराच्या त्या टोकाला कुणाचा पाय मुरगळला तरी तात्याच. तिथे जवळ दुसरी गाडी उभी असायची, तिचा ड्रायव्हर आत घोरत असायचा, आणि तात्या सायरन वाजवत त्याच्या खिडकीवरून जायचे. एकदा तर त्यांनी रकान्यात पन्नास भरलं, आता तरी सोडतील म्हणून. तरी हिरवं.

"मग साहेबांकडे गेलो. म्हटलं, मला मारायला काढलंय का. त्यांनी पानावर माझी गाडी सगळ्यात वर होती ती सगळ्यात खाली टाकली. त्यानंतर मला कुणी बोलावलंच नाही. साहेबांना परत विचारलं, तर म्हणाले, तुम्हालाच आराम हवा होता ना."

आवाराबाहेर पडताच भाऊजींनी आवाज खाली आणला. "यानेच केलं, वहिनी. आराम मिळवला आणि वर सूडही घेतला."

"बघू," वहिनी म्हणाल्या.

हाका घेण्याच्या खोलीत एक ताई होत्या. कानाला हेडफोन, समोर पडदा, पडद्याच्या कडेला डोकेदुखीच्या गोळ्या. काम कसं चालतं ते त्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं. फोन आला की त्या चौकाचं नाव भरतात. ते तिन्ही ड्रायव्हरांच्या फोनवर जातं. प्रत्येकाने आपल्याला लागतील तेवढी मिनिटं भरायची. पान अर्धा मिनिट थांबतं, तेवढ्यात आलेल्या आकड्यांतला सगळ्यात लहान शोधतं आणि त्या गाडीची ओळ हिरवी करतं. ताईंनी हिरव्या गाडीला जा म्हणायचं.

"आकडे तुम्हाला दिसतात?"

"दिसतात. पण बघायचे नाहीत." ताईंनी दाराकडे नजर टाकली. "आधी मी बघायचे. एकदा हिरवं एकाला आलं आणि मी दुसऱ्याला पाठवलं, जवळचा होता म्हणून. मेमो मिळाला. पानाच्या कामात ढवळाढवळ केली, असं लिहिलं होतं. तेव्हापासून मी हिरव्याशी बोलते. बाकी रंगांशी माझा संबंध नाही."

"तात्यांना खाली टाकल्यावर एकदाही हिरवं आलं नाही?"

"एकदा आलं. तात्यांचा फोन गाडी धुताना बादलीत पडला होता. त्या दिवसापुरता ऑफिसातला फोन दिला होता त्यांना. त्या दिवशी हिरवं आलं, आणि जवळही तेच होते. दुसऱ्या दिवसापासून परत काही नाही."

वहिनींनी हे दोनदा विचारून घेतलं. भाऊजींना त्यात काही दिसलं नाही. जिन्यात ते म्हणाले, "ताईंची नजर बघितलीत? सारखी दाराकडे. हिनेच हिरवं दुसऱ्याला दिलं असणार."

"दाराबाहेर साहेबांची खोली आहे, भाऊजी. ती नोकरी करते."

साहेबांच्या खोलीत साहेबांच्या डोक्यावर एक चौकट होती: "माणूस चुकतो, पान चुकत नाही." खाली साहेबांची सही होती, त्यामुळे हे वाक्य चौकशीच्या कामाला पुरावा म्हणून चाललं असतं. शेजारी पान बनवणारा वेबवाला बसला होता. तरुण, दाढी राखलेला, डोळे तांबारलेले. साहेब त्याला सारखं "आमचा वेबवाला" म्हणत होते आणि तो प्रत्येक वेळी थोडा आखडत होता.

प्रकरण सरळ आहे, असं साहेबांचं म्हणणं. त्या दुपारची पानावरची नोंद त्यांनी छापून घेतली होती. वहिनींना ती दिली.

दोन नंबरची गाडी: 11
तीन नंबरची गाडी: 9 (हिरवी)
एक नंबरची गाडी: ४

"एक नंबर म्हणजे तुमचे तात्या," साहेब म्हणाले. "आता बघा. पान लहानात लहान आकडा घेतं. पानाने नऊ घेतलं. म्हणजे पानाने निवड केली तेव्हा चार तिथे नव्हतं. व्याह्याचा चौक बघून हा माणूस हात बांधून बसला, दुसऱ्याला हिरवं जाऊ दिलं, आणि मग अंगाशी येऊ नये म्हणून मागाहून चार भरलं. मी हा कागद समितीत मोठ्याने वाचून दाखवला. कुणालाच शंका आली नाही."

समिती म्हणजे साहेब आणि साहेबांच्या दोन बाजूंना बसणारी दोन माणसं. त्यांना शंका येण्याची प्रथा नव्हती.

"आकडा कधी भरला, याची वेळ पान ठेवत नाही?"

"गरज वाटली नव्हती," वेबवाला म्हणाला.

"आणि पान चुकलं असेल तर?"

वेबवाल्याला हे लागलं. "बाई, तीन आकड्यांतला लहान शोधणं हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. यात चुकायला आहे काय? यादीतला पहिला आकडा हातात धरायचा. मग दुसरा बघायचा. तो हातातल्यापेक्षा लहान असेल तर हातातला टाकायचा आणि तो धरायचा. नसेल तर पुढे जायचं. शेवटी हातात उरेल तो सगळ्यात लहान. एखाद्याने रकाना रिकामा ठेवला तर ती गाडी आधीच वगळतो. सगळा विचार केलाय."

"तपासून बघितलं होतं?"

"इथेच बसून. मी, साहेब आणि ऑफिसातले सगळे. याच कीबोर्डवर शेकडो वेळा आकडे भरले. एकदाही चुकलं नाही."

वहिनींनी कीबोर्डकडे बघितलं. जुना होता. चहा सांडून काही कळा चिकट झाल्या होत्या, पण त्यांच्यावरची अक्षरं शाबूत होती.

बाहेर आल्यावर भाऊजींनी अपेक्षेप्रमाणे वेबवाल्याला पकडलं. दाढी, तांबारलेले डोळे, आणि "चुकायला आहे काय" असं म्हणतो म्हणजे काहीतरी चुकवलेलंच आहे.

ऑफिसात परत आल्यावर वहिनी खिडकीशी तो कागद घेऊन बसल्या. खाली कुणीतरी चष्म्याचे नंबर तपासून घेत होतं आणि भिंतीवरची अक्षरं चुकीची वाचत होतं.

"भाऊजी, हे वाचून दाखवा."

"अकरा, नऊ, चार," भाऊजी म्हणाले.

"परत."

"अकरा, नऊ, चार. वहिनी, मला वाचता येतं."

वहिनींनी कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्हाला वाचता येतं, मला वाचता येतं, साहेबांना वाचता येतं. हीच सगळी अडचण आहे." मग त्यांनी मुलीला फोन करून सांगितलं, की उद्या निकालाला या आणि नवऱ्यालाही आणा. तो येणार नाही, असं मुलगी म्हणाली. माझे वडील दोषी निघतात का ते स्वतःच्या कानांनी ऐकायला या, असं त्यांना सांगा, वहिनी म्हणाल्या. मग येईल.

तो आला. हाका घेण्याच्या खोलीत दाराशी उभा राहिला, बायकोपासून चार हात लांब. बोटांना अजून सुईच्या टोचा होत्या. वडिलांच्या मागे अर्धवट राहिलेले कपडे तो पुरे करत होता. साहेब आणि त्यांची दोन माणसं रांगेत बसली होती. वेबवाला पडद्यापाशी. तात्या भिंतीला टेकून उभे.

साहेबांनी निकालाचा कागद खिशातून काढला. वहिनींनी त्यांना थोडं थांबायची विनंती केली, आणि विनंती इतकी गोड केली की साहेब थांबले.

"साहेब, तुमचं म्हणणं एका गोष्टीवर उभं आहे. चार मागाहून भरलं. हो ना? मग आपण सगळ्यांसमोर भरून बघू. खोटी हाक टाका."

वेबवाल्याने खांदे उडवले आणि पान चाचणीला लावलं. तात्यांच्या फोनवर हाक गेली. त्यांनी सगळ्यांत आधी, सगळ्यांच्या देखत, आकडा भरला. ताईंनी कीबोर्डवरून बाकी दोन गाड्यांचे अकरा आणि नऊ भरले. अर्धा मिनिट खोलीत फक्त पंखा ऐकू येत होता.

नऊ हिरवं झालं.

साहेब पुढे वाकले. वेबवाला खुर्चीतून उठला. "थांबा, थांबा. परत करतो."

"परत करू, पण वेगळं," वहिनी म्हणाल्या. "तात्यांची गाडी आधी होती तशी सगळ्यात वर घ्या. आणि तात्या, या वेळी नव्वद भरा."

तात्यांनी नव्वद भरलं. ताईंनी परत अकरा आणि नऊ भरले. अर्धा मिनिट गेलं. तात्यांची ओळ हिरवी झाली.

"नव्वद मिनिटं लांबची गाडी सगळ्यात जवळ," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, हसू नका."

भाऊजी हसत नव्हते. खोलीतलं कुणीच हसत नव्हतं.

वहिनींनी तो छापलेला कागद वेबवाल्यापुढे ठेवला. "मोठ्याने वाचू नका. नुसतं बघा. मराठी येतच नाही असं समजून बघा."

तो बघत राहिला. मग त्याच्या तोंडातून एकच शब्द आला. "नॅन."

"म्हणजे काय, ते यांना सांगा."

"म्हणजे..." त्याने ओठ ओले केले. "पानाला आकडा म्हणून काहीतरी दिलं आणि ते त्याला आकडा म्हणून वाचता आलं नाही, की पान आत तसं लिहून ठेवतं. याचा अर्थ, हा आकडा नाही."

"अकरा आणि नऊ इंग्रजी आहेत," वहिनी म्हणाल्या. "चार मराठी आहे. आपण सगळे लहानपणापासून दोन्ही वाचतो, त्यामुळे आपल्याला फरक दिसतच नाही. ताईंना दिसला नाही, समितीला दिसला नाही, मला कागद हातात घेऊन तासभर दिसला नाही. पानाला फक्त इंग्रजी वाचता येतं. त्याने ते चार बघितलं आणि ठरवलं, हा आकडाच नाही. पण तसं तोंडाने बोललं नाही. बोलायची त्याला कुणी सोय ठेवली नव्हती. रकाना रिकामा आहे का, एवढंच ते बघत होतं, आणि रिकामा तर नव्हता."

"पण मग आधी सगळ्या हाका यालाच कशा जात होत्या?" साहेबांनी विचारलं. आवाज चौकटीइतका ठाम राहिला नव्हता.

"त्याच कारणाने. तुमच्या वेबवाल्याने काल मला समजावून सांगितलं. पहिला आकडा हातात धरायचा आणि पुढचा त्यापेक्षा लहान आहे का, हे विचारायचं. तात्या वर होते तेव्हा पान ही न वाचलेली वस्तू हातात धरायचं. अकरा हिच्यापेक्षा लहान आहे का? जो आकडाच नाही त्याच्याशी तुलना कशी करणार? पान म्हणायचं, नाही. नऊ लहान आहे का? नाही. म्हणजे हातातली वस्तूच जिंकायची, तिच्यात चार लिहिलेलं असो नाहीतर पन्नास. तुम्ही तात्यांना खाली टाकलंत आणि खेळ उलटा झाला. आता पानाच्या हातात नऊ असायचं आणि विचार व्हायचा, ही वस्तू नऊपेक्षा लहान आहे का? उत्तर तेच, नाही. वर असताना हा माणूस कधी हरला नाही. खाली गेल्यावर कधी जिंकला नाही. तुम्ही दोन्ही वेळा त्याच्या स्वभावात कारण शोधलंत."

"आणि ते एकदा?" ताई हळूच म्हणाल्या. "बादलीत फोन पडला तेव्हा?"

"त्या दिवशी ऑफिसचा फोन होता. त्यावर इंग्रजी आकडे होते. तिथेच मला पहिल्यांदा कळलं, की गोष्ट माणसात नाही, फोनमध्ये आहे. ऑफिसात तपासणी झाली ती साहेबांच्या खोलीतल्या कीबोर्डवर. त्यावर मराठी आकडा उमटतच नाही, मग चूक सापडणार कुठून?"

साहेबांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे शेवटी चूक ड्रायव्हरचीच. इंग्रजी आकडे का नाही टाकले?"

"साहेब, तुम्ही हा कागद समितीला मोठ्याने वाचून दाखवलात. चार इंग्रजी आहे की मराठी, हे तुम्हाला तेव्हा दिसलं नाही. ते हाकेच्या घाईत गाडीत बसलेल्या माणसाला दिसायला हवं होतं?"

साहेबांच्या बाजूच्या दोन माणसांनी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, साहेबांकडे न बघता मान हलवली.

तात्या अजून भिंतीशीच होते. "म्हणजे मी भरलेलं चार," ते सावकाश म्हणाले, "आकडाच नव्हता?"

"तुमचं चार चारच होतं, तात्या."

वहिनींनी एवढ्यावर थांबायचं ठरवलं होतं. फोनमध्ये मराठी आकडे कुणी आणले, हे त्यांनी मुद्दाम वगळलं होतं. पण मुलगी बुद्धीने मंद नव्हती. वहिनींकडे बघून ती हळूहळू उभी राहिली.

"तो मराठी कीबोर्ड मी घालून दिला होता," ती म्हणाली. वडिलांना नाही, नवऱ्याला म्हणाली.

"मीच मागे लागलो होतो तिच्या," तात्या लगेच म्हणाले. "ती नको म्हणत होती."

"बाबा, खोटं बोलू नका. तुम्हाला माहीत तरी होतं का तसं असतं म्हणून? मीच बसून केलं. तुम्ही मला निरोप पाठवावेत म्हणून केलं."

वेबवाला खुर्चीत बसला होता, डोकं दोन्ही हातांत धरून. पान आपण बंद करतो आहोत, असं तो कुणालाच उद्देशून म्हणाला. मग म्हणाला, एक ओळ लागली असती. वाचता आलं नाही तर तसं सांग, एवढीच एक ओळ.

जावई दारापासून दोन पावलं आत आला. त्याने बायकोकडे नाही, तात्यांकडे बघितलं. घटना घडल्यापासून तो त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होता.

"तुम्ही गाडीत बसून होतात. मी बघितलं."

"हिरव्याची वाट बघत होतो."

"कुणासाठी, ते माहीत होतं?"

"चौक माहीत होता. फोनवर माणसाचं नाव येत नाही. चौकात दुकानं पुष्कळ आहेत, असं मी स्वतःला सांगत होतो. हुकूम नसताना एकदा निघालो होतो तर लेखी ताकीद मिळाली होती. तरी गाडी पुढे काढली होती मी, कोपऱ्यापर्यंत."

"मग?"

"मग पुलाकडून ती गाडी आली. तिथे रस्ता अरुंद आहे. तिचा सायरन ऐकला, आणि मी मागे घेतली. वाट करून दिली तिला. मनात म्हटलं, कुणाचं तरी माणूस आहे, लवकर जाऊ दे."

जावयाने जवळची खुर्ची ओढली आणि बसला. टोचलेली बोटं एकमेकांत अडकवून तो जमिनीकडे बघत राहिला. मुलगी त्याच्याजवळ गेली नाही. तिने स्वतःला तिथे उभंच ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला, खरी हाक. ताईंनी पडद्याकडे हात नेला आणि मागे घेतला. पान बंद होतं. त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेब खिशातला निकालाचा कागद घडी घालून लहान लहान करत होते. ताईंनी मग एकेका ड्रायव्हरला फोन लावून तोंडाने विचारलं, किती लागतील, आणि त्यातल्या एकाला म्हणाल्या, निघा.

गाडी आवारातून बाहेर पडल्याचा आवाज आला.

"आई रोज विचारते," जावई जमिनीकडे बघतच म्हणाला. "हे तिला सांगायला मला जमायचं नाही. तू सांगशील?"

"सगळं सांगेन," मुलगी म्हणाली. "माझंही."

तो उठला. तिने पर्स उचलली. दोघं दारापर्यंत गेली, आणि दारात तो थांबला. लग्नाच्या दिवसापासून त्याने सासऱ्यांना कसलीच हाक मारली नव्हती. वडिलांना आवडलं नसतं.

"मामा," तो म्हणाला, "तुम्ही पण चला."

तात्यांनी अंगावरच्या गणवेशाकडे बघितलं. "असा? या कपड्यांत?"

"असेच चला."